फळ्यावरची बाई

"चित्रानं काय होतंय?" असं कुणी म्हणालं की माझं डोकं अजूनही फिरतं. चित्रानं आमच्या गावात गावकीची बैठक बसली होती. चित्रानं आमच्या घरात दोन दिवस नवराबायकोत बोलणं बंद होतं. आणि ते चित्र काही मोठ्या कलावंताचं नव्हतं, समाजमंदिराच्या फळ्यावर मी खडूनं काढलेलं होतं.

माझं माहेर ओझरच्या बाजूचं आणि सासर कळंबच्या अलीकडचं एक छोटं गाव. बारावी होऊन मी लग्न करून आले, त्यामुळे सासरी 'लई शिकलेली सून' म्हणून माझं नाव झालं. हे कौतुक होतं की टोमणा, ते बोलणाऱ्याच्या तोंडावरून ओळखायचं. नव्वद सालानंतर गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा आमच्याकडेही तालुक्याहून एक फळा, खडूंचा डबा आणि पुस्तिकांचा गठ्ठा आला. शिकवायला बाई पाहिजे होती. मी हात वर केला. समाजमंदिराची एक खोली मिळाली आणि दुपारी तीन ते साडेचार वर्ग सुरू झाला.

पहिल्या आठवड्यात मला कळून चुकलं की ही पुस्तिका काही कामाची नाही. तिच्यात घर होतं, गवत होतं, गणपती होता. बटाट्याच्या काढणीवरून भाकरी खाऊन आलेल्या बायकांच्या माना 'ग' गणपतीचा म्हणेपर्यंत खाली पडायच्या. माझी सासू सगळ्यात आधी घोरायला लागायची आणि तिच्या घोरण्यानं बाकीच्या जाग्या व्हायच्या.

माझे यजमान मंचरला खताच्या दुकानात कामाला होते. संध्याकाळी येताना ते दुकानातलं वर्तमानपत्र घेऊन यायचे. एका दुपारी मी त्यातलं व्यंगचित्र फळ्यावर मोठं करून काढलं. शाळेत असताना रांगोळीत माझा पहिला नंबर यायचा, तेवढंच काय ते शिक्षण. चित्राचे दोन भाग होते. पहिल्यात पुढारी झोपडीपुढे हात जोडून उभा, दुसऱ्यात झोपडीतला माणूस पुढाऱ्याच्या बंगल्यापुढे हात जोडून उभा. मी म्हटलं, "काय दिसतंय ते सांगा."

त्या दिवशी कुणीच झोपलं नाही.

भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातून एक कुटुंब आमच्याकडे कामाला उतरलं होतं, त्यातली बाई कोपऱ्यात बसायची आणि कधी बोलायची नाही. ती म्हणाली, "कुत्रं बगा की. पयल्या चित्रात कुत्रं मोकळं हाय आन् भुकतंय. दुसऱ्यात त्येला साखळी हाय." मी स्वतः ते चित्र काढलं होतं, पेपरात बघून कुत्रंही काढलं होतं, पण मला ते दिसलं नव्हतं.

मग रोज चित्र. निवडणुका तर कुठल्या ना कुठल्या चालूच असायच्या, त्यामुळे मालाला तोटा नव्हता. एकदा मतपेटी विहिरीसारखी काढली होती आणि काठावर एक गांधीटोपी पोहरा ओढत होती. माझी सासू म्हणाली, "पवरा त्याचा आन् पाणी आमचं." पेपरात चित्राखाली चार शब्द छापलेले असत. ते मी मुद्दाम फळ्यावर लिहीत नसे. बायका आपलं ठरवायच्या आणि मग मी छापलेलं वाचून दाखवायचे. दहातल्या आठ वेळा बायकांचं वाक्य सरस असायचं.

सासूची एक पद्धत होती. ती चित्रातल्या माणसाचे आधी पाय बघायची. तिच्या बापाकडे शर्यतीच्या घाटात पळवायचे बैल होते आणि बैल घेताना आधी खूर बघायचे हे ती लहानपणीच शिकली होती. "तोंड काय, कुणीबी हासरं करतंय," ती म्हणायची. "पाय सांगत्यात मानूस कुठं निघालाय." एकदा एका चित्रातला उमेदवार बाईपुढे वाकून मत मागत होता. सासूनं लगेच दाखवलं की तो वाकलाय इकडे, पण त्याच्या चपलांची टोकं दाराकडे आहेत.

फजितीही व्हायची. एका चित्रात पुढाऱ्याला गाढव केलं होतं. मी हसू येईल म्हणून वाट बघत बसले, तर कुणी हसेना. शेवटी एकजण म्हणाली, "बाई, गाढव वजं वाहतंय. पुढाऱ्याची येवढी कशापायी स्तुती केली?" मी खडू खाली ठेवला.

पण ज्या प्रश्नानं पुढचं सगळं घडलं, तो वेगळाच होता. पेपरातल्या चित्रात नेहमी एक हडकुळा माणूस असायचा, फाटका सदरा, ठिगळाचं धोतर, आणि सदऱ्यावर लिहिलेलं असायचं 'जनता'. बायकांना तोवर अक्षरं जुळवता यायला लागली होती. त्यांनी ज, न, ता असं जोडून वाचलं. मग डोंगरातली ती बाई म्हणाली, "ही आमची जनता न्हाई. हिच्यात बाई कुटाय?"

मी पेपरांचा गठ्ठा उपसला. दोन महिन्यांच्या अंकांत शोधलं. बाई होती, पण कुठे? पुढाऱ्याला ओवाळताना. रिकामा हंडा घेऊन मागे उभी. मत देणारा, फसणारा, चिडणारा, रांगेतला पहिला आणि रांगेतला शेवटचा, सगळे बाप्येच. मला त्या दिवशी खरंच राग आला. आमच्या बोटाला काय शाई लागत नव्हती?

आणि त्याच वर्षी आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं.

गावात एकच मोठं घर होतं. त्या घरच्या कर्त्याला सगळे आबा म्हणायचे. पंधरा वर्षं सरपंच तेच, सोसायटीत तेच, जत्रेच्या पंचांत तेच. माणूस वाईट नव्हता हे मी आधीच सांगते, अडीअडचणीला रात्री-अपरात्री धावणारा होता. पण गाव आपल्या सदऱ्याच्या खिशात आहे असं त्यांना वाटायचं, आणि गावालाही तसंच वाटायचं. राखीव झाल्याचं कळल्यावर त्यांनी चहाच्या टपरीवर हसत सांगितलं, "खुर्ची घरातच हाये. फक्त बसणारं बदलंल." आणि पॅनेलमध्ये बायकोचं नाव घातलं. तिला आम्ही काकी म्हणायचो. काकी घराबाहेर फारशी दिसायची नाही. दिसली तर डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढलेला आणि मागे दोन पावलं.

प्रचार सुरू झाला. जीपवर भोंगा लागला. भिंतीवर कपबशी आणि छत्री रंगवली. अडाण्यांसाठी चिन्हं असतात, चित्र दिलं की त्यांचं काम भागतं, असं शिकलेली माणसं म्हणतात. माझ्या वर्गातल्या अडाण्यांना विचारा म्हणावं. भिंतीवरची कपबशी बघून सासू म्हणाली होती, "बशी हाय, कप हाय, च्या कुठाय?"

आबांच्या पॅनेलच्या पत्रकावर काकीचा फोटोच नव्हता. आबांचा होता, हात जोडलेला. खाली काकीचं नाव, तेही त्यांच्या नावाला जोडून, बारीक अक्षरात.

त्याच दिवशी पेपरात एक चित्र आलं. खुर्चीत एक बाई बसलीय, पदर पार हनुवटीपर्यंत. खुर्चीमागे एक पुरुष दडलाय आणि त्यानं आपले हात तिच्या बगलेखालून पुढे काढलेत. टेबलावर कागद आहे आणि सही करतोय तो. दुसऱ्या दिवशी मी ते फळ्यावर काढलं. इथवर सगळं पेपरातलं. पण मी एक गोष्ट आपल्या मनानं घातली. उजव्या हाताच्या बोटात मी एक जाड, चौकोनी खड्याची अंगठी काढली.

तशी अंगठी गावात एकाच बोटात होती. मी मुद्दाम काढली. इतकी वर्षं मी 'सहज काढली' असंच सांगत आले, पण सहज काही नव्हतं.

वर्ग झाला, बायका पोट धरून हसल्या. फक्त सासू हसली नाही. ती नेहमीसारखी खाली बघत म्हणाली, "पाय हायेत हिचं. जमिनीला टेकल्यात." मी म्हटलं, "असू द्या हो आत्या, तुमचं आपलं पायांचंच." ते वाक्य आजही माझं मलाच लागतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सकाळी आबांची दोन माणसं समाजमंदिरात आली. मला वाटलं, आता पुसणार. उलट त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि एकाला पहाऱ्यावर बसवलं. चित्र पुसायचं नाही, तो पुरावा आहे. घरच्या बाईची बदनामी झाली, तेव्हा दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसेल, मी काकींची खणानारळानं ओटी भरून सगळ्यांदेखत माफी मागायची, नाहीतर फळा पंचायतीत जमा आणि वर्ग बंद.

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. बाईनं बाईचा अपमान केला तर ओटी भरून मिटवायचं. खण, नारळ, तांदूळ, आणि 'चुकले' एवढा एक शब्द.

यजमान म्हणाले, "एका मिनिटाचं काम. म्हण आन् मोकळी हो."

"खोटं काय काढलंय मी?"

"खरं-खोटं कोण म्हणतंय? गावात राहायचंय आपल्याला."

"मग मी काय गावाबाहेर राहते?" मी म्हटलं आणि ताट आपटलं. तिथून दोन दिवस अबोला. सासू मात्र उठून फडताळातून नारळ काढून घेऊन आली. मला वाटलं, तीही लेकाच्या बाजूची. ती म्हणाली, "वटी भर. वटी भरण्यात कमीपणा न्हाई. शब्द म्हनायचा का न्हाई, ते तुझं तू बग."

मी ठरवलं, ओटी भरीन पण माफी मागणार नाही. फळा गेला तर मी दगडावर कोळशानं काढीन.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आधी बैठक होती. आणि तिथे आबांच्या माणसांनी अशी काही चूक केली की ती आमच्याच गावात होऊ जाणे. पुरावा देवळात पाहिजे म्हणून त्यांनी फळा उचलून आणला. खडूचं चित्र पुसलं जाऊ नये म्हणून आडवा न धरता उभा धरला, चित्राची बाजू बाहेर. समाजमंदिरापासून भैरवनाथाच्या देवळापर्यंत सगळी पेठ लागते. "बाजूला व्हा, धक्का लागंल!" असं ओरडत दोघे चालले होते, आणि ज्यांनी चित्र बघितलं नव्हतं, तेही दारात येऊन बघत होते. माझ्या वर्गात अठरा बायका होत्या. आबांच्या कृपेनं सगळ्या गावानं चित्र बघितलं.

सभामंडपात फळा खांबाला टेकवला. पुरुष पुढे, बायका बाहेर पायरीवर. मी ओटीचं ताट घेऊन मधेच उभी, कुठेच न बसण्याची मला सवय होती.

आधी निवृत्त गुरुजींना चित्राचा अर्थ सांगायला उठवलं. गुरुजी सावध. "चित्रात एक खुर्ची आहे," ते म्हणाले. "टेबल आहे. लेखनाचं साहित्य आहे." आणि बसले.

आबा उठले. "मास्तरीणबाई, ह्ये हात कुणाचं?"

मी म्हटलं, "आबा, मी नाव लिहिलेलं नाही. तुम्हाला कुणाचे वाटतात?"

 'माझे' म्हणावं तर पंचाईत, 'माझे नाहीत' म्हणावं तर मग भांडण कशाचं? आबांचा हात आपोआप धोतराच्या सोग्यात गेला. पायरीवरून कुणीतरी बाई खुदकन हसली.

"हिलाच इचारा," आबा चिडून म्हणाले. "हिची बदनामी झालीय. ये पुढं. सांग बैठकीला."

काकी पायरीवरून उठली. बायकांतून वाट काढत आत आली. माझ्यासमोर न थांबता सरळ फळ्यापाशी गेली. पदर थोडा वर सारून तिनं चित्र बघितलं. तिनं ते आधी बघितलंच नव्हतं. भांडण तिच्या नावानं चाललं होतं आणि चित्र दाखवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तिची नजर त्या अंगठीवर थांबली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हात तुमचंच हायेत की. आंगठी माझ्या बापानं घातलीया तुमाला. मी वळखणार न्हाई?"

कुणी हसलं नाही. हसायची कुणाची छाती नव्हती. मला वाटलं, जिंकले.

मग ती माझ्याकडे वळली. "आन् तू गं. तुला ह्यांच्या बोटातली आंगठी दिसली. मला तोंड द्यायचं तुला सुचलं न्हाई?"

मी फळ्याकडे बघितलं. हनुवटीपर्यंत पदर. पेपरात तसं होतं, मी तसं काढलं. बाई कुठाय म्हणून चिडणारी मी, हातात खडू आला तेव्हा मीही बाईचं बुजगावणं केलं. सासूनं पाय दाखवले होते, तेही मी हसण्यावारी नेलं.

फळ्याच्या खालच्या पट्टीवर खडूचा तुकडा पडला होता. काकीनं तो उचलला. तिच्या हातात कधी खडू आला नसावा, तिनं तो कुंकवाच्या काडीसारखा दोन बोटांत धरला. आणि त्या पदरावर दोन डोळे काढले. एक मोठा, एक बारका, जरा तिरकेच. पण असे काही बघत होते की पुढच्या रांगेतल्या एकानं मान खाली घातली.

"आता पुरं झालं चित्र," ती म्हणाली. "माफी कसली मागायची? अर्धं काढलं व्हतं येवढंच."

मी तिची ओटी भरली. खण घातला, नारळ घातला, तांदूळ घातले. आणि बैठकीला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हटलं, "काकी, चुकले." बैठकीची माफी मी मागितली नाही, आजही मागणार नाही. ती माफी फक्त तिची होती.

फळा परत समाजमंदिरात आला. या वेळी कुणी सांभाळून आणला नाही, त्यामुळे वाटेत सगळं पुसलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता दारात काकी उभी. बायका सरकल्या, तिला जागा केली. मी पाटी पुढे केली आणि म्हटलं, "काकी, आधी 'ग' काढू या."

"ग राहू दे," ती म्हणाली. "सही शिकव. दुसऱ्या कुणाला जमणार न्हाई अशी."

तीन आठवडे आम्ही सही केली. नाव साधंच लिहायची, पण नावाखाली एक रेघ, आणि रेघेखाली दोन टिंबं. एक मोठं, एक बारकं, तिरकी.

पॅनेल निवडून आलं, काकी सरपंच झाली. पहिलं वर्षभर खुर्चीत तीच बसायची आणि बोलायचे आबा. गावाला वाटलं, चार दिवसांचं नाटक होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं, आणि मी मनात तिच्यावर रागावले. काकी मात्र रोज तीन वाजता वर्गात यायची आणि पेपर वाचायला शिकत होती.

मग एका ग्रामसभेत ठराव वाचला गेला. समाजमंदिराची खोली दूध संकलनासाठी द्यायची, वर्गाचं सामान हलवायचं. मी मागे उभी राहून ऐकत होते. त्या बैठकीत जे जमलं नाही, ते आता कागदावर झालं होतं. ग्रामसेवकानं वही वर धरली, "मासिक बैठकीत मंजूर आहे, सरपंचांची सही आहे." आबा छताकडे बघत होते.

"बगू," काकी म्हणाली.

वही तिच्यापुढे ठेवली. तिनं त्या सहीवरून बोट फिरवलं, नावावरून, रेघेवरून, रेघेखालच्या कोऱ्या जागेवरून. मग डोक्यावरचा पदर मागे सारला. सगळ्या गावाला तिचा चेहरा दिसला, काहींना बहुतेक पहिल्यांदाच.

"ही सही माझी न्हाई," ती म्हणाली. "हिला डोळं न्हाईत."